मागावरचं फडकं

पहिल्याच भेटीत भूषणनं दामिनीच्या डोक्यावर भिंत पाडली. सगळी नाही... कॅमेऱ्यासाठी ड्रिल मशीननं छिद्र पाडताना चुन्याचा भुगा खाली आला, एवढंच. पण खाली नेमकी तीच मागावर बसलेली.

"ओ कॅमेरावाले! मले आताच म्हातारी करता का?"

तो टेबलावरून वाकला. पांढऱ्या भुग्यातून दोन काळे डोळे त्याच्यावर रोखलेले. "शोभून राहिले पण पांढरे केस," तो म्हणाला, आणि हातातला स्क्रू पाडून बसला.

केस झटकण्याआधी तिनं मागावर फडकं ओढलं होतं. पवनीतल्या या घराची रीतच तशी. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं मागावरून कापून उतरेपर्यंत परक्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. उंबऱ्यात चप्पल वाजली की दामिनीची आई, विमलाबाई, आधी फडकं ओढायला सांगत, मग पाणी विचारत.

"काय आहे खाली?" त्यानं विचारलं.

"लुगडं."

"दाखवा ना."

"उतरायच्या आधी फक्त घरच्यायनं पाह्यचं असते."

"मंग घरचं व्हायले काय करा लागते?"

ती लाल झाली. भुग्यामुळे दिसलं नाही, हे नशीब. "आधी तो स्क्रू शोधा!"

धाग्याच्या लडी चोरीला गेल्या म्हणून तिच्या वडिलांनी, मोतीलालनी, कॅमेरा बसवून घेतला होता. तोही बरोबर मागाच्या डोक्यावर. गावापासून झाकलेलं लुगडं वरून दिवसभर उघडं पडणार, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. ईमेल म्हटलं की मोतीलालना घाम फुटायचा. भूषणनंच आपल्या हातानं सारं सुरू करून दिलं.

मग कधी वायर ढिली, कधी काच पुसायची... तो येत राहिला. "तुम्ही"चं "तू" झालं. तो आला की आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची चाल चुकायची, आणि चुकलेला धागा उसवताना दामिनी उगाचच गुणगुणायची.

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग त्या दुपारी...

आईबाबा लुगडी घेऊन भंडाऱ्याला गेलेले. घरात ती आणि मागाची खटखट.

"हिरवा रंग छान आहे."

पुरुषाचा आवाज. तिचा पाय थांबला. दारात कुणी नव्हतं.

"इकडे... वर बघ."

कॅमेऱ्याची मान हळूहळू वळली. तिच्याकडे.

"थांबलीस का? चालू दे ना."

तिनं फोन लावून कानाशी धरला. दुसऱ्या हातानं ती फडकं ओढत होती. "भूषण... कॅमेऱ्यातून कोणीतरी बोलून राहिलं..."

"फडकं राहू दे व! ऊठ आधी, प्लग काढ!"

तिनं प्लग खेचला. लाल दिवा विझला. घर एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत तिला त्याचे शब्द पुन्हा ऐकू आले.

"मी फडकं ओढून राहिली होती... तुले कसं माहीत?"



"तुझा फोन आला, म्हणून उघडून पाह्यलं. काळजीनं, दामिनी—"

"म्हणजे उघडते. तुझ्या मोबाइलवर माझं घर उघडते."

"काकांजवळ ईमेल नव्हता... मी माझ्याच नंबरवर—"

"याच्या आधी उघडलं होतं?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं! एक "नाही" म्हणायचं, झालं.

"एकदा," तो म्हणाला. "चित्र सरळ येते का पाहाले. तू गुणगुणत होती... मी लगेच बंद नाही केलं."

तिनं फोन ठेवला.

थोड्याच वेळात तो दारात. धापा टाकत. तिनं दार अर्धंच उघडलं.

"तो आवाज माझा नव्हता."

"समजते मले. पण चाबी तं तुझीच होती ना? त्याले कशी भेटली?"

त्यानं मान खाली घातली. "सगळीकडं एकच पासवर्ड ठेवला मी. ध्यानात राहाले सोपा. पवनी एक दोन तीन."

"सगळीकडं म्हणजे?"

"अर्धा बाजार. तुलारामशेठचं दुकान... बेबीबाईचं ब्युटी पार्लर..."

"पार्लर!" दामिनीचे डोळे विस्फारले. "तिले सांगतलं?"

"सांगतलं तं धंदा संपला माझा. कोणी दारात उभं नाही करन."

"अन् नाही सांगतलं तं या दारात उभा राहू नको."

दार लागलं. विमलाबाईंनी घरी येताच मीठ-मोहऱ्या घेऊन आधी लेकीची दृष्ट काढली, मग लुगड्याची. कॅमेऱ्याचं काय करावं, ते त्यांना सुचेना.

पुढच्या बातम्या त्यांनीच बाजारातून आणल्या. "तुलारामशेठनं त्याची शिडी रस्त्यावर फेकली म्हणते." दामिनी विणत राहिली. "बेबीबाईनं भर पार्लरात उभा-आडवा झोडपला तोंडानं. मंग चहाही पाजला म्हणते. घरोघरी जाऊन सोताच सांगून राहिला, माझी चूक झाली, पासवर्ड बदलून घ्या." धोटा निसटून खाली पडला. "तुह्या बाबासंग ठाण्यातही जाऊन आला. तो मेला कोण होता, काही पत्ता नाही अजून... तुहं ध्यान कुठं आहे व?"

आणि एका सकाळी तो आला. शिडीशिवाय. मोतीलाल खाटेवरून बघत राहिले, बस म्हणाले नाहीत.

त्यानं कॅमेरा काढून लडींच्या कपाटासमोर लावला. त्यात ना माग दिसत होता, ना मागावर बसणारी. मग दामिनीचाच मोबाइल तिच्यापुढे धरला. "तुझा नंबर, तुझा पासवर्ड. मोठा टाक. मले सांगू नको."

आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरांनी कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखा.

"झालं?"

"नाही."

"इतका मोठा?"

"तूच म्हणला ना!"

तिचं केव्हाच झालं होतं. ती त्याच्या कॉलरवरचा चुना बघत होती. या माणसानं भर बाजारात स्वतःला उघडं पाडलं... आणि आता वळूनही बघत नाही!

विमलाबाई उठल्या. "चहा ठेवते. अहो, साखरेचा डबा काढून द्या जरा."

"डबा तं खालीच—"

"चला म्हणते ना!"

खाट करकरली. पावलं आत गेली.

हिरवं लुगडं अजून मागावरच होतं. दामिनीनं फडक्याचं टोक धरलं... आणि सावकाश पूर्ण बाजूला सारलं.

"भूषण, वळ."

तो वळला. डोळे मात्र घट्ट मिटलेले. फडकं सरकल्याचा आवाज त्यानं ओळखला होता.

"उतरायच्या आधी फक्त घरच्यायनं..." तो पुटपुटला. "दामिनी... उघडू?"

"आता विचारून राहिला तू!" ती हसली. हसताहसता तिचेच डोळे भरून आले.

"उघड."