तीन खाचांचा भाला

न्याहारी आटोपून इवाओ तोकुनागाने कानस घेतली आणि भाल्याच्या दांड्यावर तीन खाचा पाडल्या. कुणाच्या भाल्याने कुणाचा देवमासा पडला यावरून तंटा नको, म्हणून आजोबांनी घालून दिलेली ही घराण्याची खूण. तिसऱ्या खाचेला कानस सटकली आणि ती तिरकी गेली. तो स्वतःवरच करवादला.

अंटार्क्टिकच्या समुद्रातला त्याचा हा शेवटचा हंगाम. अकरा दिवस शिकार रोखायला आलेल्या आंदोलकांची रबरी होडी जहाजाच्या भाला डागणाऱ्या तोफेसमोर ठाण मांडून होती; अकरा दिवस भाला कोरडा. उद्या जहाज माघारी वळणार होतं. रिकाम्या हाताने आपल्या गावी, आयुकावाला जायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं.

"आली बघा तुमची बाई!" कप्तान कुरिहारा वरून ओरडला. "इवाओ-सान, आज तरी लाजू नका."

होडीत ती उंच बाई हात पसरून उभी राहिली. अंगात नारिंगी जाकीट.

"आधी मला मार!" कर्ण्यातून मोडकी जपानी आली.

तिच्या साथीदाराने बाटली भिरकावली. सडक्या लोण्याची दुर्गंधी डेकभर पसरली. इवाओचे कान रागाने तापले. हटली तर ठीक, नाहीतर तिच्या डोक्यावरून मारीन. वीस वर्षांत त्याचा नेम चुकला नव्हता.

होडीच्या पलीकडे देवमासा वर आला आणि कुशीवर वळला.

त्याच्या पाठीत एक भाला रुतलेला होता. गंजून काळा पडलेला, भोवतीचं मांस कधीचं भरून आलेलं. दांड्यावर तीन खाचा.

आजोबांचा असेल? पण आजोबा या समुद्रात कधी आलेच नव्हते.

तिसरी खाच तिरकी होती.

दांड्याच्या बुडाशी नारिंगी कापडाची चिंधी मांसात रुजली होती.

"मारा!" कुरिहारा किंचाळला.

बाई हटली नाही.

इवाओने चापावरून बोट काढलं. "नाही मारणार."

"भ्यालात?"

"हो, भ्यालो. तोफेला हात लावाल तर याद राखा."

देवमासा बुडाला. पाणी सपाट झालं.

भाला त्याने स्वतःच तोफेतून उतरवला. न उडवलेला भाला ओला होता, कोमट. टोकाला नारिंगी चिंधी अडकली होती.

त्याने मान वर केली. होडीतली बाई खाली बघत, जाकिटाच्या छातीवरच्या भोकात बोट घालून चाचपत होती.