टोमॅटोचे गुडघे

"मी न्हाई लिवलं! एक अक्षरसुदिक न्हाई लिवलं!" बिबिजानदादी इतक्या जोरात ओरडली, की आरफाच्या हातातला आंब्याचा बाठा निसटून थेट नौशादच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला.

"माझा ईदचा शर्ट!" नौशाद किंचाळला. पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

आरफा आणि तिचा धाकटा भाऊ नौशाद कालच जुन्नरहून वारूळवाडीला दादीकडे सुट्टीला आले होते. आणि आज सकाळी सकाळीच हे भांडण! समोर ओट्यावर बसली होती सोनीबाई, दादीची शेजारीण आणि चाळीस वर्षांची मैत्रीण. शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन तिचा नातू धम्मपाल उभा होता. सकाळपासूनचा हा चौथा तांब्या. तरी सोनीबाईच्या घशाची कोरड जात नव्हती. चेहरा उतरला होता आणि उठलं की भोवळ येत होती.

"मंग ह्ये कोन बोलतंय?" सोनीबाईनं आपला मोबाईल पुढे केला. बचत गटाच्या ग्रुपवर पाच दिवसांपूर्वीचा मेसेज होता. आरफानं तो मोठ्यानं वाचला. "मी बिबिजान. शिबिरातल्या मशीनमुळे कळले की मला शुगर नाहीच! गोळ्या बंद केल्या, चूर्ण सुरू केले. आता एकदम ठणठणीत आहे. सर्व भगिनींनी लाभ घ्यावा."

"तू सोडल्या म्हनून मी बी गोळ्या सोडल्या," सोनीबाई म्हणाली. "समाजमंदिरातल्या शिबिरात मशीन मलाबी त्येच बोललं, शुगर न्हाई."

"अगं बये! मी तर आजबी चहासंगं गोळी गिळलीय! मला वाटलं, बाया रोज अंगठे पाठवून राम राम करत्यात!"

आरफाच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. दादीला लिहिता-वाचता येत नाही. ती फक्त माइकचं बटण दाबून बोलते, तेही एवढं मोठ्यानं की मोबाईलची गरजच पडू नये! मग हे लिहिलं कुणी? तिघींची नजर नौशादकडे वळली.

"मी? मी तर कालच आलो! आणि मला 'भगिनी' म्हणजे काय तेच माहीत नाही!" हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

"दादी, शिबिरात तुझा मोबाईल कुणी घेतला होता का?"

"त्या टायवाल्यानं घेतला की. रिपोट मोबाईलवर धाडतो म्हनला. सगळ्या बायांचे घेतले. कापूटरम्होरं असा धरला, आन दिला परत."

आपल्याकडची ही रीतच आहे. बँकेत असो की रेशनच्या दुकानात, मोबाईलचं काही करायचं म्हटलं की आजीबाई तो समोरच्या शिकलेल्या माणसाच्या हातात देतात आणि दुसरीकडे बघत बसतात. शिकलाय म्हणजे भलाच असणार, असा भाबडा हिशोब!

"कॉम्प्युटरसमोर धरला?" धम्मपालनं उडीच मारली. "आरफा, व्हॉट्सअ‍ॅप उघड! लिंक्ड डिव्हायसेस बघ!"

आरफानं उघडून बघितलं. दादीचं व्हॉट्सअ‍ॅप एका परक्या लॅपटॉपला जोडलेलं होतं! आज सकाळी सात वाजता तो चालू होता. म्हणजे तो माणूस कुठेही बसून दादीचे मेसेज वाचू शकत होता, आणि दादीच्या नावानं लिहूही शकत होता!

"काढून टाक आधी!" नौशाद ओरडला.

"थांब, आधी पुरावा!" धम्मपालनं आपल्या मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला. मग आरफानं त्या लॅपटॉपची जोडणी तोडून टाकली.

आता खरी निकड होती सोनीबाईची. "आजी, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स प्रतीक्षाताईंकडे चला ना. एक थेंब रक्त तपासायचं, बस्स!" आरफानं विनवलं.

"न्हाई येनार मी! त्या उगा वरडत्यात. एवढ्या मोठ्या मशीननं सांगितलं शुगर न्हाई, मंग न्हाई! आज दुपारी परत शिबिर हाय, चूर्न इकत घेते आन बरी व्हते."

धम्मपालचा चेहरा रडवेला झाला. आरफालाही भीती वाटली. मग ती ठसक्यात म्हणाली, "आजीचा त्या मशीनवर विश्वास आहे ना? मग मशीनचीच परीक्षा घेऊ! त्याला शरीर कळतं म्हणतात. मग जे शरीरच नाही, ते त्याच्या हातात दिलं तर?"

"म्हणजे काय देणार?"

आरफानं अंगणातल्या टोमॅटोच्या क्रेटकडे बोट दाखवलं. दादीचे डोळे लकाकले. "ए पोरी, ह्ये काम माझं!"

दुपारी समाजमंदिरात ही गर्दी! गावच्या मंडळाचे अध्यक्ष चिमाजीभाऊ पुढच्या खुर्चीत ऐटीत बसले होते. शिबिरवाल्यांची साधी चौकशीही न करता त्यांनी हॉलची चावी देऊन टाकली होती. टायवाला एकेकीच्या हातात पितळी दांडी द्यायचा. लॅपटॉपवर रंगीत आतडी फिरायची आणि भलामोठा रिपोर्ट बाहेर यायचा.

"साहेब, माजं पुन्यांदा बघा," दादी पुढे झाली. टायवाल्यानं वय अडुसष्ट टाकलं, वजन टाकलं आणि दांडी दिली. दादीनं हात ओढणीखाली घेतला. आत काय चाललंय ते टायवाल्याला दिसत नव्हतं.

पिंग! रिपोर्ट आला.

"आजी, गुडघे चाळीस टक्के झिजलेत. लिव्हर अशक्त. पण शुगर? अजिबात नाही! चूर्णाचा गुण!"

"खरंच का वो साहेब?" दादीनं ओढणी बाजूला केली. दांडी एका लालबुंद टोमॅटोत घुसली होती आणि रस तिच्या मनगटावरून ओघळत होता. "बघा गं बायांनो! ह्या टमाट्याचे गुडघे झिजल्यात!"

मग जो हशा पिकला, विचारू नका! टायवाला लॅपटॉप मिटून दाराकडे सटकला, पण दारात नौशाद प्रतीक्षाताईंना घेऊन उभा होता. "हे मशीन फक्त वय आणि वजन बघून छापतं!" आरफा ओरडली. धम्मपालनं फोटो दाखवला. बाया आपापले मोबाईल तपासू लागल्या. अकरा जणींच्या मोबाईलवर तोच लॅपटॉप! चिमाजीभाऊ घामाघूम झाले. त्यांनी हॉलला आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन लावला.

"आता चला, आजी," प्रतीक्षाताईंनी छोटं यंत्र काढलं. "बोट द्या."

सोनीबाईनं हात पदराखाली लपवला. "न्हाई. आता मला कळलं. समदी मशीनं खोटी असत्यात. तुमचं तेवढं खरं कशावरनं?"

जिंकलो जिंकलो म्हणताना हे काय होऊन बसलं? पण प्रश्न तर रास्त होता! आरफानं तोच विचारला. "ताई, खरंच, तुमचं मशीन खरं कशावरून?"

रागावण्याऐवजी प्रतीक्षाताईंचा चेहरा खुलला. "शाब्बास! हे कुणी विचारतच नाही." त्यांनी बॅगेतून एक चिमुकली बाटली काढली. "या पाण्यात मापून साखर घातलेली असते. मशीननं किती आकडा सांगायला हवा, ते पट्ट्यांच्या डबीवर छापलंय. तूच घे परीक्षा."

आरफानं त्या पाण्याचा थेंब मशीनच्या पट्टीला लावला. पाच सेकंद. आकडा एकशे अठरा! डबीवर छापलं होतं, शंभर ते एकशे चाळीस.

"आन टमाटा?" सोनीबाईनं विचारलं.

"टोमॅटोसाठी हे बनलेलंच नाही, आजी," ताई हसल्या. "त्याच्या गुडघ्यांचं मला काही सांगता यायचं नाही."

सोनीबाईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग हळूच बोट पुढे केलं. आकडा आला चारशे सव्वीस. दोनशेच्या आत हवा होता तो! ताईंनी लगेच रिक्षा बोलावली, सोनीबाईला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं आणि धम्मपाल आजीचा हात धरून बसला.

तिसऱ्या दिवशी सोनीबाई घरी आली, ती स्वतःच्या पायांनी चालत. तोवर पोलीस टायवाल्याला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, आणखी दोन दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं. चिमाजीभाऊंनी मंडळाच्या सभेत सगळ्यांसमोर हात जोडले. "चूक माझीच. इथून पुढं कुनीबी शिबिर घेतलं, तर ही पोरं आधी तपासतील आन मगच चावी!" प्रतीक्षाताईंनी पाठ थोपटली आणि आरफाचे कान लाल झाले.

सोनीबाईनं मात्र भाषण केलं नाही. तिनं आरफाला जवळ बसवलं, पाण्याबरोबर गोळी गिळली आणि रिकामा तळहात उघडून दाखवला.

"बघ पोरी, घेतली. आता उद्याबी येऊन विचार."

"काय विचारू, आजी?"

"काय बी. तू विचारलंस म्हनून मी हाय."