मेपलची पावलं गायब!

"झाड खचलंय!" भिंगरी ओरडली.

"झाडं खचत नसतात," तोफ म्हणाला. "खचतात ते आपले गणिताचे सर."

तोफ हा भिंगरीचा मावसभाऊ. त्याची कुजबुज दोन गल्ल्या ओलांडून जाई. भिंगरीला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं, आणि तिचा धाकटा भाऊ चिंगळ्या दिसेल ती वस्तू टेपनं मोजत सुटे. सुट्टीसाठी तिघांना आणायला मावशीनं दोन दिवस रजा घेतली होती. आज ती कामावर परतली, ती तिघांना घेऊनच.

मावशी सार्वजनिक उद्यानातलं बोन्सायचं काचघर सांभाळी. त्यात तिचा लाडका जपानी मेपल होता, वय वर्षं एकतीस. त्याच्या बुंध्याशी कोंबड्याच्या पंजासारखी मुळं मातीवर पसरलेली असत. मावशी त्यांना 'पावलं' म्हणे. आज पानं मलूल होऊन लोंबत होती, आणि पावलं मातीखाली गडप झाली होती!

"बाई!" दारातून व्यवस्थापकसाहेब गरजले. "पाणी घालायची व्यवस्था न करता रजेवर गेलात? शोभतं का हे? उद्या अकराला उद्यान समितीच्या अध्यक्षबाई येताहेत. मी लिहूनच ठेवलंय, 'हलगर्जीपणा'! काचघराची किल्ली उद्या परत करायची."

मावशीनं कुंडीत बोट खुपसलं. "माती ओली आहे, साहेब. ह्याला पाणी आहे, पण प्यायला तोंड उरलेलं नाही. कुणीतरी मुळं कापलीत."

"पुरावा?"

उत्तराची वाट न पाहता साहेब जिंकल्यासारखे निघून गेले.

"अगं, उपटून दाखव ना त्यांना!" तोफ कडाडला.

"दाखवलं तर उरलेली मुळंही तुटतील. मग पुरावा राहील आणि झाड जाईल." मावशीनं बुंध्यावरून बोट फिरवलं. "तीनदा मी ह्याचं खोड वरून कापलंय. दर वेळी वर्षानुवर्षं थांबले, नव्या फांदीचा शेंडा केला, म्हणून ते खाली जाड आणि वर निमुळतं झालं. मुळंही मीच कापते. पण पालवी फुटायच्या आधी, झाड झोपेत असताना! भर पानांत, ह्या उन्हाळ्यात, कुणी कापतं का?"

तिघांचे कान तापले. असा अन्याय! करणारे मोकळे, आणि वर मावशीवरच ठपका!

चिंगळ्या मात्र कामाला लागला होता. दारापाशी प्रदर्शनासाठी नवी कोरी काचपेटी ठेवली होती. त्यानं ती आतून मोजली. "वीस इंच." मग त्यानं कुंडीसकट झाड मोजलं. "वीस इंच! तंतोतंत!"

"पाटीवर तर अठरा लिहिलंय," भिंगरी म्हणाली.

"बोन्सायची उंची मातीपासून मोजतात. कुंडी धरत नाहीत," मावशी म्हणाली. "कुंडी वेगळी चार इंच."

"म्हणजे बावीस! दोन इंच गेले कुठे?"

भिंगरी तोवर पेटी बनवणाऱ्या सुतारकाकांच्या शेडमध्ये पोचलीसुद्धा होती. काका करवत पुसत होते. करवतीच्या दातांत चिखल होता, आणि बारीक तांबूस तंतू.

"काका, लाकडाला केस कधीपासून यायला लागले?"

काकांनी मान खाली घातली. "पोरी, मला वरून हुकूम आला, मी कापलं. बोललो तर नोकरी जाईल माझी."

"तुम्ही नका बोलू," भिंगरी म्हणाली. "आम्ही साहेबांनाच बोलतं करतो!"

दुसऱ्या दिवशी अकराला अध्यक्षबाई आल्या. साहेब बाहेर फाटकाशी हार घेऊन उभे होते, आणि बाई मागच्या दारानं आल्या. मोठ्या माणसांच्या स्वागताचं असं बऱ्याचदा होतं. भिंगरीनं त्यांना मेपलमागे नेलं. "बाई, जरा खाली वाकून ह्याची पावलं शोधता?" बाई मांडणीमागे वाकल्या.

तेवढ्यात तोफ साहेबांना घेऊन आला. "साहेब, पेटीत आणखी एक झाड ठेवलं तर? पण ते दोन इंच उंच पडतंय हो!"

"एवढंच ना?" साहेब हसले. "सुताराला सांग, खालून दोन इंच उडव म्हणावं. परवा ह्या मोठ्याला नाही का बसवला! मुळं काय, मातीत असतात, कुणाला दिसतात?"

"मला दिसतात," मांडणीमागून आवाज आला.

साहेबांच्या हातातला हार त्यांच्याच पायावर पडला.

"बाई, तुम्ही? अहो, पाटीवर अठरा होतं! मी पेटी वीसची करवली. वर दोन इंच हवेला!"

"आणि कुंडी कुठे जाणार होती?" चिंगळ्यानं विचारलं. "तिला रजा होती?"

"पण त्यात बिघडलं काय?" साहेब मावशीकडे बोट दाखवून ओरडले. "ह्यासुद्धा कापतातच की!"

"डॉक्टरही कापतात, साहेब," मावशी शांतपणे म्हणाली. "म्हणून कुणी पलंग आखूड पडला की पेशंटचे पाय कापत नाही!"

अध्यक्षबाईंनी 'हलगर्जीपणा'चा कागद मागून घेतला, मावशीचं नाव खोडलं आणि साहेबांचं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. किल्ली मावशीकडेच राहिली. सुतारकाकांना पेटी उंच करायला सांगितलं. ते काम त्यांनी शीळ घालत केलं.

खरी लढाई पुढे होती. मावशीनं निम्मी पानं काढली, झाड सावलीत नेलं, त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणलं. दर तासाला फवारा मारायची पाळी बाईंच्या हुकुमानं साहेबांची! तिघं आळीपाळीनं घड्याळ धरून बसत. "साहेब, पाच मिनिटं उशीर!" तोफ ओरडे, आणि साहेब पळत येत.

सतराव्या दिवशी चिंगळ्या टेप घेऊन धावत आला. "मावशी! फांदीवर कोंब! लाल! पाव इंच!"

मावशीनं चष्मा पुसला, कोंब पाहिला, पुन्हा चष्मा पुसला. कोंब बघायला आलेल्या अध्यक्षबाईंनी तिघांची पाठ थोपटली. "अख्ख्या समितीला जे दिसलं नाही, ते ह्या पोरांना दिसलं," त्या म्हणाल्या. "शाबास!"

मावशीला मात्र कौतुक करायची सवय नव्हती. ती नुसती खाकरली.

"झाडाला सावरायला दोनेक वर्षं लागतील," ती म्हणाली. "मग पालवीआधी मुळं कापायची आहेत. नाजूक काम आहे. परक्याला मी हात लावू देत नाही."

तिघांची तोंडं उतरली.

"म्हणून त्या वेळी तुम्हाला बोलावणार आहे. नखं कापून या."