न केलेला फोन

काम तसं किरकोळ होतं. एक फोन करायचा होता, बस. तो करायचा होता माझ्या जोडीदाराने. आम्ही दोघं एकाच रुग्णालयाच्या रक्तपेढीत कामाला होतो. त्याला घाई म्हणून कशाची नाही, म्हणून आम्ही त्याला ‘निवांत’ म्हणायचो. हसू नका रे पोरांनो, पुढे हसण्यासारखं काही नाही.

वॉर्डात एक शिवणकाम करणारी बाई होती. रक्ताचा कॅन्सर. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, बाहेरून कितीही चढवा, तिच्या अंगात टिकतच नव्हत्या. तिला तंतोतंत जुळणाराच माणूस हवा होता. आम्ही रक्तदात्यांची सगळी यादी पिंजून काढली, तेव्हा एकच सापडला. लिफ्ट दुरुस्त करायचा, राहायचाही हाकेच्या अंतरावर. गुरुवारी रात्री आठला डॉक्टर म्हणाले, “त्याला आत्ताच बोलवा.”

तो येणार, म्हणजे यंत्र लावा, दोन तास उशाशी बसा. निवांतला कंटाळा आला. “सकाळी बघू,” म्हणाला, आणि वहीत लिहून मोकळा झाला: तीनदा फोन केला, लागला नाही. मी शेजारीच होतो. सगळं पाहिलं, आणि डबा उचलून घरी गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढचं त्याच्या तोंडून ऐकलेलं. दहाला बाईचा नवरा आला.

“मी जाऊन घेऊन येतो हो त्यांना. फक्त पत्ता द्या. हात जोडतो.”

“नियमात बसत नाही,” निवांत म्हणाला. नियम खराच होता. म्हणून तर त्याला तो सोयीचा पडला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं.

दार उघडलं. ती बाई. अनवाणी. सरळ आली आणि रक्तदात्याच्या खुर्चीत बसली.

“बाई, तुम्ही... उठलात कशाला?”

“आला का तो?”

निवांतच्या तोंडाशी खोटं आलं... बाहेर पडेना.

“मी फोन... केलाच नाही.”

ती रागावली नाही.

“पत्ता द्या. मीच जाते.”

त्याने सांगितला. ती उठली. गेली. पाऊल वाजलं नाही.

त्याने वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाली, “त्या? अहो, दीडलाच गेल्या. डोक्यात रक्तस्राव झाला...”

सकाळी सहाला मी पोचलो, तर लिफ्टवाला आमच्या दारात उभा. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने दोन्ही बाह्या वर केल्या. कोपरांच्या आतल्या बाजूला सुईच्या खुणा. ताज्या.

“रात्री मी एकटाच होतो. दाराला आतून कडी होती,” तो म्हणाला. “तुमच्यापैकी कोण आलं होतं?”

निवांतने त्याला खुर्चीत बसवलं.

सुईएवढी भोकं, पण दोन्हींतून रक्त ठिबकत होतं. मी कापूस दाबून धरला. पाच मिनिटं... दहा... अर्धा तास.

थांबेना.