परतध्वनीची तारीख

बारा मार्च २०३१ रोजी सकाळी चंद्राच्या पाठीमागे फिरणाऱ्या 'श्रवण' या रेडिओलहरी ऐकणाऱ्या भारतीय यानाने एक विचित्र संदेश टिपला. पृथ्वीवरच्या फोन आणि दूरचित्रवाणीचा गोंगाट तिथे पोहोचत नाही, म्हणूनच तो ऐकू आला. खोडदजवळच्या नियंत्रण केंद्रात डॉ. शर्वाणी बोरवणकर यांनी तो ध्वनिवर्धकावर लावला, तेव्हा चिमण्यांच्या चिवचिवाटासारखं काहीतरी वाजलं.

"वेग कमी करून पाहा," त्यांचे वरिष्ठ सहकारी डॉ. नरहर तांबवेकर म्हणाले.

नऊपट सावकाश केल्यावर त्या चिवचिवाटातून इंग्रजी बोलणारा एक माणूस बाहेर आला. तो हवामान सांगत होता. उत्तर समुद्रावर धुकं, किनाऱ्यावर पाऊस. मग बातम्या, शेतकऱ्यांसाठी अंड्यांचे भाव, गृहिणींसाठी वाद्यवृंद. दुपारी क्रिकेटवर कुणाचंतरी कंटाळवाणं भाषण. पाच वाजता मुलांची गोष्ट. शेवटी राष्ट्रगीत, आणि शांतता. ब्रिटिश रेडिओचा सबंध एक दिवस, १२ मार्च १९५७. अवघ्या दोन तासांत येऊन संपलेला.

पाठोपाठ तेरा मार्च सुरू झाला.

"चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी कशावर तरी आपटून परत येतायत," शर्वाणी म्हणाल्या. "म्हणजे आरसा सदतीस प्रकाशवर्षांवर आहे. पण नऊपट घाई कशाची?"

तांबवेकरांनी वेळ सांगणारे सहा टोल पुन्हा लावले. मूळ प्रक्षेपणात एकेका सेकंदाने पडणारे टोल इथे सेकंदाच्या नवव्या भागात पडत होते.

"भिंत स्थिर असेल तर टोल सेकंदानेच परत येतील," ते म्हणाले. "भिंत आपल्याकडे येत असेल, तर दुसऱ्या टोलाला पहिल्यापेक्षा कमी अंतर कापावं लागतं. तो लवकर येतो. नऊपट लवकर यायला भिंतीचा वेग प्रकाशाच्या ऐंशी टक्के हवा."

त्याच दिवशी, त्याच दिशेला, एक मंद तारा विझल्याची नोंद दुसऱ्या वेधशाळेत झाली होती. दुपारपर्यंत चित्र पूर्ण झालं. तो तारा कोसळताना त्यातून विद्युतभारित वायूची एक प्रचंड लाट आपल्या दिशेने सुटली होती. तिच्यावर पहिल्यांदा आपटल्या त्या बारा मार्चच्या लहरी. त्या लहरी परत येईपर्यंतच्या सदतीस वर्षांत लाटही त्यांच्या मागोमाग येत राहिली, आणि आता ती सात-साडेसात प्रकाशवर्षांवर होती. ती आल्यावर वातावरण उरणार नव्हतं.

दिल्लीहून आदेश आला. परतध्वनीची बातमी द्या, गंमत म्हणून एक दिवस लोकांना ऐकवा, पण तो किती वेगाने आला ते सांगू नका. पुढचे दिवस येतायत हेही नको. तांबवेकरांनी कागदावर सही केली. शर्वाणींनीही केली.

ऐकवलेल्या त्या दिवसामुळेच हॅना नागावकर केंद्रात आल्या. अलिबागला गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय एकोणऐंशी. पाच वाजताची गोष्ट वाचणाऱ्या बाईचं नाव निवेदकाने रिबेका नागावकर असं घेतलं होतं.

"ती माझी आई," त्या म्हणाल्या. "मी चार वर्षांची असताना मला मावशीकडे ठेवून लंडनला गेली. वर्षभरात येते म्हणाली होती. एकसष्टमध्ये न्यूमोनियाने तिथेच गेली. तिचा आवाज मला आठवत नव्हता. अजून काही मिळेल का?"

शर्वाणींना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी हॅनाबाईंना गावातच एक खोली घेऊन दिली आणि केंद्राचा पास काढून दिला. मिळतंय ते जुन्या फितींमधलं आहे, असं सांगायचं ठरलं होतं. पण हॅनाबाई रोज दहा वाजता येऊन बसत, आणि रोज आईचं वय नऊ दिवसांनी वाढत असे. मे महिन्यात रिबेकाला सर्दी झाली होती. जूनमध्ये तिने एका अस्वलाची गोष्ट वाचताना 'अगं बाई' असं मराठीत म्हटलं आणि स्वतःशीच हसली. हॅनाबाईंनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला.

सव्वीस ऑगस्टला आईचा आवाज खरखरीत झाला. गोष्ट अर्धी ठेवून ती म्हणाली की उरलेली उद्या. सत्तावीसला दुसरीच बाई वाचायला बसली. तिने आधीच्या बाईंचा उल्लेख केला नाही.

हॅनाबाईंनी हेडफोन काढून ठेवले. मग त्यांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढून टेबलावर पसरला.

"जुन्या फितींमधून रोज बरोबर नऊ दिवस निघतात का हो, बाई?"

शर्वाणी कागदावर वाकल्या.

"आडव्या रेषेवर आजची तारीख मांडली, उभ्या रेषेवर आईची. आईची रेघ नऊपट चढी आहे. म्हणजे ती आपल्याला गाठणार. मी गाठभेट काढली. बारा जून दोन हजार चाळीस. त्या दिवशी बोललेला शब्द त्याच क्षणी परत येईल. म्हणजे आरसा इथेच असेल, आपल्या दारात. बरोबर?"

"बरोबर," शर्वाणी म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग काही नाही, मावशी. कुणीच नाही."

हॅनाबाईंनी कागदाची घडी घातली. "वर्षभरात येते असं आई म्हणाली. मी रोज फाटकात जाऊन बसायचे. येणार नाही असं कुणी सांगितलं असतं, तर मी रडले असते आणि शाळेत गेले असते. तुम्ही किती जणांना फाटकात बसवून ठेवलंय?"

"मी सही केलीय."

"कशावर?"

"वेग सांगणार नाही, यावर. आणि पुढचे दिवस येतायत हेही सांगणार नाही, यावर."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवसांनी, भर सकाळी, शर्वाणींनी श्रवणच्या सर्वांसाठी खुल्या रेडिओ वाहिनीवर रोजचा परतध्वनी तुकड्यातुकड्यांनी सोडायला सुरुवात केली. तांबवेकर दारात उभे होते. त्यांनी थांबवलं नाही, फक्त म्हणाले, "आपण दोघंही तुरुंगात जाऊ." प्रत्येक तुकड्याआधी शर्वाणी स्वतःच्या आवाजात दोन तारखा सांगत होत्या, ऐकण्याची आणि बोलण्याची. वेगाबद्दल एक शब्द नाही.

अकराव्या दिवशी केंद्राचा फोन वाजला. मालवणहून कुणी प्रतिभा केळुसकर बोलत होत्या, ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. कामावर रेडिओ लावून ठेवतात म्हणाल्या.

"तुमच्या त्या दोन तारखा मी केस पेपरच्या मागे लिहीत होते. दुसरी फार जोरात पळते. त्या एक कधी होतात?"

शर्वाणींनी तारीख सांगितली, आणि त्या दिवशी काय येणार तेही सांगितलं.

पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची असेल," केळुसकर म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. आता वॉर्डात जाते, दोन बाळंतिणी आहेत."