बँड दाखवा, मूल घ्या

बसा भिया, इकडे बसा. तो सोफा ओला आहे, मघाशी कुणाच्या तरी पोराने कार्यक्रम केलाय. मुलगी आत गेली ना तुमची? गुलाबी फ्रॉकवाली? पलक? छान. आता आरामात बसा. आरामात म्हणजे, त्या लाल ट्यूबवाल्या घसरगुंडीकडे बघत बसा.

तुम्ही माझ्या मनगटाकडे बघून राहिलात, कळलं मला. हो, बँड नाहीये. आत जाताना मुलाच्या हातात एक कागदी पट्टी, आपल्या हातात तशीच एक, दोघांवर एकच नंबर. निघताना बँड दाखवा, मूल घ्या. नियम चांगला आहे. त्या नियमाला आग लावावीशी वाटते, पण नियम चांगला आहे.

झालं काय, एका रविवारी शलाकाताई पलासियाला क्लिनिकमध्ये होती. माझी मोठी बहीण, फिजिओथेरपिस्ट. मला म्हणाली, "जयेश, यशूला कुठेतरी ने रे, नुसता मोबाइल बघतो." यशू म्हणजे यशवर्धन, माझा भाचा. नाव सरदाराचं, उंची या टेबलाएवढी. झूमध्ये नेता येत नव्हता. मागच्या वेळी मी तिथून ताईला फोन केला होता, की एक्सचेंज ऑफर चालू आहे, यशू देऊन माकड घेतलंय, घरी आणून राहिलोय. ती पेशंट टेबलावर सोडून धावत आली. तेव्हापासून घरात माझं कुणी काही खरं मानत नाही. ठीक आहे. पण माणूस कधीतरी खरं बोलतो की नाही यार?

तर इथे आलो. येताना यशूने कचोरीला हात लावला नाही. गालावर हात ठेवून बसला. मी म्हटलं, नखरे. ग्रिपवाले मोजे घातले, एक उलटा घातला, आणि गेला पळत.

मग लाइट गेली.

तुम्ही म्हणाल, दुपारी मॉलमध्ये लाइट गेली, त्यात काय? काही नाही. हवेचा पंखा बंद झाला, तो फुगलेला किल्ला हळूहळू खाली बसला, जसा कुणी श्वास सोडावा. पण पोरं... एवढी पोरं आत, भिया, आणि एकही रडलं नाही. ओरडलं नाही. इथे मोज्यांचा आणि पॉपकॉर्नचा वास असतो ना, तो गेला. सुट्टी संपल्यावर टिफिन उघडला की कसा वास येतो... तसा यायला लागला.

जनरेटर लागला. घसरगुंडीची ती लाल ट्यूब हलली. यशू खाली आला. पिवळा टी-शर्ट, एक मोजा उलटा. मी हात पुढे केला.

ट्यूब परत हलली. यशू खाली आला. पिवळा टी-शर्ट. एक मोजा उलटा.

हसू नका. मीपण आधी हसलोच होतो. मला वाटलं, माझा कुणीतरी बदला घेतंय, आणि काम भारी केलंय.

काउंटरवर ती ईशा आहे ना, पोनीटेलवाली, तिला हाक मारली. म्हटलं, "मॅडम, ये दो कैसे?"

तिने दोघांचे हात बघितले. दोघांच्या बँडवर एकच नंबर. माझ्या बँडवरही तोच.

"सर, एक बँड पे एक ही बच्चा जाएगा."

"अरे पर कौनसा?"

"वो तो आपको पता होगा ना सर. बच्चा आपका है."

मी ओरडलो. सुपरवायझर मनीषजी आले. मी त्यांच्यावरपण ओरडलो. ते म्हणाले, "सर, पीछे लाइन लगी है." मागे एक काकू मलाच म्हणून राहिल्या होत्या, "अहो, एवढ्याशा लेकरावर कशाला चिडता?" लेकरावर! दोन होती, भिया, दोन! पण तिथे माझ्याशिवाय कुणाला काही प्रॉब्लेमच नव्हता.

दोघं म्हणाले, "मामा, चल ना." एकदम. एका आवाजात.

मग मी डोकं चालवलं. आपलं इंदुरी डोकं. दोघांना विचारलं, "घरी जाऊन काय खाणार?"

एक म्हणाला, "वरण-भात."

दुसरा म्हणाला, "वरण-भात. वरून सेव."

झालं! इंदूरचं पोरगं आणि नुसता वरण-भात? आमच्याकडे श्रीखंडावर सेव घेणारी माणसं आहेत. मी सेववाल्याचा हात पकडला. इतका राग आला होता, की मनगटावरचा बँड टरकन फाडला, त्याचे तुकडे करून ईशाच्या काउंटरवर फेकले. म्हटलं, "ये रखो अपना नियम!" आणि निघालो. तो नुसत्या वरण-भातवाला तिथेच उभा होता. रडत नव्हता.

खाली सेवेचं पाकीट घेऊन दिलं. तो खायला लागला. कुरुम कुरुम. मग खाणं थांबलं त्याचं. तोंड बंद होतं, नीट बघितलं मी. कुरुम कुरुम मात्र... थोडा वेळ चालूच होतं.

तेवढ्यात ताईचा फोन.

"जयेश, मी क्लिनिकमधून घरी आले, तू यशूला सोडून परत कुठे उंडारायला गेलास? आणि दात पडला त्याचा, सांगायचं नाही? सकाळीच म्हटलं होतं तुला, दात हलतोय, कडक काही देऊ नकोस."

मला कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हटलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई... यशू माझ्याजवळ आहे. मी अजून मॉलखाली आहे."

"बास, जयेश. प्रत्येक वेळी तेच. एक दिवस खरंच काहीतरी होईल, आणि कुणी येणार नाही तुझ्यासाठी." तिने फोन ठेवला.

घरी गेलो. याचा हात धरून. दाराबाहेर उभा राहिलो, तर आत मी होतो. माझा आवाज. झूच्या माकडाचा किस्सा सांगून राहिलो होतो. आणि ताई हसत होती. त्या किस्स्यावर ताई, भिया! खोखो! राग कशाचा आला सांगू? तो माझ्यापेक्षा चांगला सांगत होता.

बेल वाजवली. आतून मीच विचारलं, "कोण?"

आता काय सांगणार होतो?

तिथेच उभा होतो, तर इथून फोन. ईशा. "सर, आपका बच्चा ले जाइए ना. बॉल पूल में नीचे बैठा है, ऊपर आता ही नहीं. गाल पे हाथ रखके बस मामा-मामा कर रहा है."

दात पडलेला एक घरी. सेव खाणारा एक माझ्याजवळ. आणि हलणारा दात घेऊन एक... आत.

धावत आलो. ईशा म्हणाली, "बँड?"

फाडला होता ना मी. तिच्याच समोर.

"सर, बिना बँड के बच्चा नहीं दे सकते. सेफ्टी का मामला है."

पोलिसांकडे गेलो. त्यांनी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, मुलगा झोपलाय, भाऊ इथे माझ्या शेजारी बसलाय, हा कोण माणूस आहे?

आता रोज येतो. इथे लाइट बंद करताना म्हणतात, अंदर कोई नहीं है सर. सकाळी म्हणतात, बँड? मी त्या बॉलकडे बघत बसतो. कधी कधी मधले चार-पाच बॉल वर उचलले जातात, आणि परत खाली जातात. मी हाक मारतो. गार्ड मला गप्प करतो.

हा? हा तोच, शेजारी बसलाय तो. हाक मारू नका त्याला. सेव संपेपर्यंत काही करत नाही.

ती बघा, तुमची पलक आली. गुलाबी फ्रॉक, बरोबर. नाही, उठू नका... बँड मुठीत धरा आणि बसून राहा. तिच्याकडे नका बघू भिया, ट्यूबकडे बघा.

अजून हलून राहिली आहे.