मूळ नमुना क्रमांक एक

सकाळी दहाला भोंगा झाला आणि खारवण बंदरावरच्या माणसांनी मुखवटे चढवले. गंगाराम मोंडकर मात्र उघड्या तोंडाने जाळे विणत बसला होता. विषारी हवेत न गुदमरणारा किनाऱ्यावरचा तो एकटाच माणूस होता.

समुद्र तापला, तसा तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत गेला. मग चिखलातून कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा गंधकी वायू वर येऊ लागला. पहिल्या वर्षी मासे मेले, दुसऱ्या वर्षी पाळण्यातली मुले.

गंगाराम तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. होडीवर खोली मोजायचे यंत्र होते, पण त्याचा विश्वास जिभेवर. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी फासून तो ते तळाला सोडी आणि चिकटून आलेला चिखल चाखून आपण कुठे आहोत ते सांगे. चाळीस वर्षांत अशाच एका चिखलातून एक अनोळखी जीवाणू त्याच्या रक्तात शिरला आणि अंगात गेलेला विषारी वायू खाऊ लागला.

डॉ. शर्वरी देवस्थळींनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काडीसारखा, दोन्ही टोके गोल. जवळच्या जाती एकत्र केल्या की प्रजाती होते. कोण कोणाच्या जवळचे ते जनुके जुळवून ठरवतात. याची जनुके कुठल्याच प्रजातीशी जुळली नाहीत. त्यांनी नाव दिले ‘गंधकदंड’: गंधकी वायू खाणारी काडी.

पण तो वायूवर थांबत नव्हता. गंगारामचा ताप उतरत नव्हता. दोन पहारेकरी दारात उभे करून शर्वरी संमतीचा कागद घेऊन त्याच्या घरी आल्या, तेव्हाही तो जाळे विणत होता.

“दहा इंजेक्शनांत बरे होतील म्हणालात ना?” त्याची मुलगी यशोदा म्हणाली. “मग द्या की!”

“औषधाने गंधकदंड मरेल,” शर्वरी म्हणाल्या. “बशीत तो तासाभरात मरतो. फक्त यांच्या अंगात जगतो. नव्या प्रजातीची नोंद करायला जिवंत मूळ नमुना लागतो. नोंद झाली की सगळ्या प्रयोगशाळा यातून मुलांना वाचवणारं औषध शोधायला लागतील. नाहीतर त्या कामाची परवानगीसुद्धा मिळणार नाही.”

“म्हणजे नमुनो मीच?” गंगाराम हसला. “एवढा शिकलास बाय, आणि ठेवूक बरणी गावली नाय?”

“औषध घेतलं नाही तर दोन वर्षं जगाल,” शर्वरी म्हणाल्या. “फार तर तीन.”

“बाबा, अंगठो करू नको!”

“गप, यशोदे. पोरां जगतली तर माज्या दोन वर्सांचा काय ता!”

त्याने अंगठा उठवला. शर्वरींनी कागद पेटीत ठेवला, पण त्या उठल्या नाहीत.

“आणखी एक आहे. मूळ नमुना दोन देशांत, दोन ठिकाणी जिवंत ठेवावा लागतो. एक मेला तर दुसरा असावा म्हणून.”

“मगे द्या कोणाक तरी रगत.”

“तिघांना दिलं. तिघांच्याही शरीरांनी तो मारला.” शर्वरींनी यशोदाकडे पाहिले नाही. “तुमच्या मुलीचं रक्त गेल्या महिन्यात तपासलं, त्यात तो जगला. दुसऱ्या देशात पाठवायला नोंदणी समितीने यशोदांचा पासपोर्ट काढलाय.”

यशोदा भिंतीला टेकली. “मी हो म्हटलं नाही.”

“तुमच्या वडिलांनी म्हटलंय. नमुना आणि त्याचे उपनमुने, म्हणजे ज्यांच्या रक्तात तो जगेल तेही, असं त्या कागदात आहे. नोंदीसाठी दिलेला नमुना नष्ट करायला कायद्याने बंदी आहे. मी नियम केले नाहीत हो.”

गंगाराम उठला. जाळे त्याच्या पायात अडकले. “टोचा माका! आत्ताच टोचा औषध! माज्यातलो तो किडो मारा, कायच नको! फाडा तो कागद!”

दारातल्या दोन पहारेकऱ्यांनी त्याला धरले. ते याच वाडीतले होते, आणि दोघांच्याही घरी पाळणा होता. त्यांनी यशोदाचीही वाट अडवली. मुखवट्यांमुळे त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

शर्वरींनी वही उघडली. ‘मूळ नमुना क्रमांक एक,’ त्यांनी लिहिले, ‘अस्वस्थ आहे.’